सातवा रकाना

अर्ज दोनच पानांचा होता. नाव, पत्ता, रस्त्याची लांबी, रुंदी, सध्याची वेगमर्यादा असं सगळं भरत मी सातव्या रकान्यापाशी आले. ‘सदर रस्त्यावर मागील तीन वर्षांत झालेले अपघात.’ खाली तीन चौकोन: मृत्यू, गंभीर जखमी, किरकोळ जखमी. मी तिन्हींत शून्य लिहिलं आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला. पलीकडच्या गृहस्थांनी तो सावकाश वाचला, सातव्या रकान्यावर पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाले, “ताई, इथे तर काहीच झालेलं नाही.”

“होऊ नये म्हणूनच आलेय.”

“ते बरोबर आहे हो. पण आम्हाला कारण लागतं.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. उलट थोडं ओशाळलेपणच होतं, कारण नियम काही त्यांनी केला नव्हता. घरांमधून जाणाऱ्या रस्त्यांना ताशी ५० किलोमीटरची मर्यादा. ती ३० वर आणायची असेल तर मागणाऱ्याने दाखवून द्यायचं की ५० धोक्याची आहे. आणि दाखवून द्यायचं म्हणजे पडलेली माणसं मोजून द्यायची. माझ्याकडे एकही नव्हतं.

माझ्याकडे होती आई. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, आमच्याकडेच राहते, आणि समोरच्या बागेत रोज संध्याकाळी जायची. मग रोजचं एक दिवसाआड झालं, नंतर आठवड्यातून एकदा, नंतर बंदच. कारण विचारलं की गुडघे. आम्ही गुडघ्यांवर विश्वास ठेवला, डॉक्टर केले, तेल केलं. वर्षभराने कधीतरी दुसऱ्याच विषयावर बोलताना ती म्हणून गेली, “गाडी लांब दिसते गं. पण मी मध्यावर पोचते तोवर ती आलेलीच असते.”

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले आणि घड्याळ लावलं. रस्ता ओलांडायला तिला दहा सेकंद लागतात. आमच्या दारापासून वळण सुमारे शंभर मीटरवर आहे, मी पावलांनी मोजलं. ताशी ५० ने येणारी गाडी दहा सेकंदांत १३९ मीटर येते, ३० ने येणारी ८३. म्हणजे आई पहिलं पाऊल टाकते तेव्हा ५० ची गाडी वळणाआड असते, दिसतच नाही, आणि ती पलीकडे पोचायच्या आत अंगावर आलेली असते. ३० ची गाडी असेल तर ती पोचलेली असते. एवढा साधा हिशोब. तिने तो पायांनी केला होता आणि बागेत जाणं सोडून दिलं होतं. सोडून दिल्यामुळे ती सातव्या रकान्यात आली नाही. न ओलांडणारा माणूस अपघातात सापडत नाही.

खिडकीतल्या गृहस्थांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, निदान वेगाची मोजणी तरी लावून देतो.

महिनाभराने दोन माणसं आली आणि रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या खिळून गेली. दोन्हींत सुमारे मीटरभराचं अंतर, टोकाला खांबाला साखळीने बांधलेली एक पेटी. चाक नळीवरून गेलं की आतली हवा दाबली जाते, पेटीला धक्का कळतो. पहिल्या आणि दुसऱ्या नळीच्या धक्क्यांत किती वेळ गेला त्यावरून वेग निघतो. गाडी गेली की पुढच्या चाकांची टपटप, मग मागच्या चाकांची टपटप. आठवडाभर घरात तोच आवाज. रात्री झोप न आल्यास मी दोन टपटपींमधल्या अंतरावरून वेग ओळखायचा खेळ खेळायचे. (माझी मुलगी त्यात माझ्यापेक्षा तरबेज निघाली.)

निकाल आला तो एका ओळीत: ८५ टक्के वाहनं मर्यादेच्या आत, सबब बदलाची आवश्यकता नाही. ही पद्धत अशी की सगळ्या गाड्या सगळ्यात हळू गाडीपासून वेगाप्रमाणे रांगेत उभ्या करायच्या आणि शंभरातली पंच्याऐंशीवी ज्या वेगाने जात असेल तो वेग रस्त्याला योग्य धरायचा. बहुतेक चालक शहाणे असतात, रस्ता पाहून वेग ठरवतात, असा त्यामागचा विचार. मोकळ्या हमरस्त्यांसाठी तो वाईटही नाही. पण आमच्या रस्त्यावर याचा अर्थ असा होतो की रस्त्याचा वेग चालवणाऱ्यांच्या मतदानाने ठरतो आणि नळीवरून न जाणाऱ्यांना मत नाही. आई नळीवरून जात नाही.

निकालाला ताशी तक्ता जोडलेला होता आणि तो मी उगाच वाचला. सगळ्यात जास्त वेग सकाळी साडेसात ते साडेआठ. मला वाटलं होतं, वाहतूक टाळायला आमच्या रस्त्यावरून घुसणारे बाहेरचे लोक असतील. पण ते घुसतात संध्याकाळी. सकाळी साडेसातला इथून निघणारे आम्हीच. मी स्वतः सात चाळीसला निघते. दुसऱ्या दिवशी नळ्यांच्या जागेवरून जाताना मुद्दाम काट्याकडे पाहिलं तर ४६. हे मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही.

अर्ज अर्थातच फेटाळला गेला. त्यावर अपील करता येतं का ते विचारायला गेले तेव्हा आमच्या भागाच्या परिषद सदस्य बाई तिथेच होत्या. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, “एका रस्त्यासाठी कशाला भांडता? डिफॉल्टच बदलायचा प्रस्ताव येतोय. त्याला माणसं आणा.”

डिफॉल्ट म्हणजे जिथे पाटीच नाही तिथे लागू असणारी मर्यादा. हा शब्द मी फोनच्या संदर्भात हजारदा वापरला होता, रस्त्याच्या संदर्भात पहिल्यांदाच ऐकला. ब्रिटनमध्ये ही गोष्ट मजेशीर रीतीने ठरते: रस्त्यावर दिव्याचे खांब दोनशे यार्डांच्या आत असतील तर तो वस्तीतला रस्ता धरायचा आणि तिथे पाटी नसली तरी ताशी ३० मैल. खांब हीच पाटी. वेल्सने १७ सप्टेंबर २०२३ ला तेवढाच एक आकडा बदलला, ३० चे २० मैल केले, म्हणजे किलोमीटरमध्ये ४८ चे ३२. स्पेनने ११ मे २०२१ पासून दिवे न मोजता मार्गिका मोजायचं ठरवलं: जाण्यायेण्याला एकेकच मार्गिका असेल तर ताशी ३० किलोमीटर, दोन किंवा जास्त असतील तर ५०, आणि पदपथ व रस्ता एकाच पातळीवर असेल तर २०. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात तर मुख्य रस्ते सोडून बाकी सगळीकडे १९९२ पासूनच ३० आहे.

बाईंचं म्हणणं माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले. आतापर्यंत ३० मागणारा खिडकीपाशी उभा राहतो आणि पुरावा देतो. डिफॉल्ट ३० झालं की ५० मागणाऱ्याने खिडकीपाशी उभं राहायचं. रांगेत कोण उभं राहणार, एवढाच खरा वाद. आकडा त्यामानाने दुय्यम.

मग हरकती आणि सूचनांची मुदत, सह्या, सुनावणी अशी सगळी वरात सुरू झाली. सह्यांबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी कधी दारोदार जाऊन सह्या घेतल्या आहेत त्यांना माहीत आहे की सही दोन मिनिटांत मिळते नाहीतर मिळतच नाही, मधला प्रकार नसतो. सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य: “आधी आहे ती मर्यादा पाळायला लावा.” याला उत्तर देणं अवघड, कारण ते खरंच आहे. दुसरं वाक्य: “मी व्यवस्थितच चालवतो.” यालाही उत्तर नाही, कारण मीही ४६ ने व्यवस्थितच चालवत होते. शेजारच्या काकांनी मात्र चष्मा लावून, मसुदा पूर्ण वाचून सही केली आणि वर म्हणाले, “तुझ्या आईला सांग, माझीपण सही आहे.” काकांचा उल्लेख पुढे येणार आहे.

रात्री वाचन चालायचं. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. ताशी २० मैल हे आजकालचं फॅड आहे असं विरोधक म्हणतात; पण ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारींना देशभर २० मैलांचीच मर्यादा होती. ती कुणी पाळत नाही म्हणून १९३० मध्ये काढून टाकली, म्हणजे मोटारींना मर्यादाच उरली नाही. १९३४ साली तिथल्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली, तीही आजच्या मानाने अगदी थोड्या गाड्या असताना. मार्च १९३५ मध्ये वस्तीसाठी ३० मैलांची मर्यादा आली. म्हणजे ज्या तीसला आज लोक परंपरा समजून कवटाळतात ते तीसही त्या वेळी सरकारचा अगोचरपणाच होतं. त्याही आधी, जानेवारी १८९६ मध्ये, वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या माणसाला ताशी दोन मैलांची मर्यादा असताना ताशी आठ मैलांनी गाडी नेली म्हणून एक शिलिंग दंड झाला होता. पोलिसाने त्याला सायकलवरून पाठलाग करून पकडलं. हे मी सुनावणीत सांगायचं ठरवलं होतं. बरं झालं वेळ मिळाला नाही.

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं. मी एक मोठा तक्ता करून नेला होता. त्यावर ठळक अक्षरांत: ३० च्या गाडीने धडक दिली तर दहातला एक मरतो, ५० च्या गाडीने दिली तर दहातले आठ. हा आकडा सगळीकडे असतो. भित्तिपत्रकांवर असतो, मोठमोठ्या संस्थांच्या पत्रकांत असतो. तो सांगितल्यावर सभागृहात जरा शांतता पसरली आणि मला वाटलं, जमलं.

माझ्यानंतर एक निवृत्त अभियंते उठले. ते विरोधात होते. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, “बाईंचा दहातले आठ हा आकडा कुठला आहे?” आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं. हे हिशोब १९७० च्या दशकातल्या अपघातांवरून आलेले. त्या नोंदींत गंभीर जखमी आणि मृत भरपूर, आणि खरचटून घरी गेलेले जवळजवळ नाहीतच. त्यामुळे धोका फुगलेला दिसतो. हा दोष काढून नव्याने केलेल्या विश्लेषणांत ५० च्या धडकेत प्रौढ माणूस मरण्याची शक्यता दहा टक्क्यांच्याही खाली येते. “बाईंचा हेतू चांगला आहे,” ते म्हणाले, “पण आकडा आठपट मोठा आहे.”

लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन रात्री मी शोधलं. ते खरं बोलत होते. २००९ साली रोसेन आणि सँडर या दोघांनी जर्मनीतल्या अपघातांवरून काढलेले आकडे साधारण असेच आहेत. मात्र त्याच विश्लेषणात पुढे हेही आहे की ५० च्या धडकेत मरण्याचा धोका ३० च्या पाचपटीहून जास्त, आणि ४० च्या दुपटीहून जास्त. म्हणजे माझा तक्ता चुकला होता, मुद्दा चुकला नव्हता. पण हे मला कळलं रात्री साडेअकराला, स्वयंपाकघरात, एकटीला. सभागृहात मी तक्ता गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते.

आमची बाजू त्या दिवशी सावरली ती एका निवृत्त बसचालकाने. त्यांच्याकडे कागद नव्हता. ते अध्यक्षांना म्हणाले, “साहेब, या व्यासपीठापासून मागच्या दारापर्यंत किती मीटर असेल?” कुणीतरी म्हणालं चौदा-पंधरा. “चौदा धरा. मी इथून गाडी घेऊन निघालोय आणि इथेच मला दिसलं की पुढे पोरगं आलंय. दिसलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद जातो. माझा जातो, तुमचाही जातो. तीसला असेन तर त्या सेकंदात आठ मीटर जाईन, पुढच्या पाचेक मीटरमध्ये थांबेन. मागच्या दाराच्या आत. पन्नासला असेन तर?” ते थांबले. “पन्नासला असेन तर त्या दारात पोचेन तेव्हा माझा पाय ब्रेकला नुसता लागत असेल. गाडी अजून पन्नासलाच.” आणि ते बसले. त्यांची दोन मिनिटं उरली होती. सगळं सभागृह मान वळवून मागच्या दाराकडे बघत होतं, अभियंतेसुद्धा.

मी नंतर गणित करून पाहिलं, कोरडा रस्ता आणि बरे टायर धरून. बरोबर आहे. ५० ची गाडी पूर्ण थांबायला सुमारे २८ मीटर लागतात, ३० ची १३ मध्ये थांबते.

रुग्णवाहिकांचा मुद्दा निघाला तो निघायलाच हवा होता. एका रुग्णवाहिका चालकानेच उठून सांगितलं की तातडीच्या वेळी आम्हाला मर्यादा लागू नसते, आम्हाला अडवतात ती आडवी-तिडवी लावलेली वाहनं. वेळेचा मुद्दा निघाला. आमचा रस्ता ६०० मीटरचा. ५० ने ४३ सेकंद, ३० ने ७२. एकोणतीस सेकंदांसाठी एवढा तमाशा, असं दोन्ही बाजूंनी म्हणता येतं आणि दोन्ही बाजूंनी म्हटलं गेलं. बसच्या वेळापत्रकाचा मुद्दा मात्र खरा होता: बस दिवसभर त्याच रस्त्यांवरून फिरते, तिचे सेकंद साठत जातात. वेल्समध्येही बस चालवणाऱ्या कंपन्यांनी हीच तक्रार केली होती.

मला आजही टोचतं ते एका घरपोच सामान पोचवणाऱ्या मुलाचं बोलणं. हेल्मेट हातात धरूनच तो उभा राहिला. “मॅडम, मला वेळ ॲप देतं. तुम्ही तीस केलंत तर ॲप मला जास्त मिनिटं देणार का? नाही दिली तर मी काय करू, दंड भरू का रेटिंग घालवू?” अध्यक्षांनी ‘नोंद घेतली’ म्हटलं. कुणीही उत्तर दिलं नाही. मीही नाही. रस्त्यावर सगळ्यात उघडा तोच, आणि वेग कमी करायचं ओझंही सगळ्यात जास्त त्याच्यावरच.

अभियंत्यांनी लेखी हरकतीत आणखी एक मुद्दा मांडला होता, नुसत्या पाट्यांनी काही होत नाही असा. त्यातही तथ्य होतं. ब्रिटनमध्ये २०१८ साली सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २० मैलांच्या पाट्या लावलेल्या निवासी भागांत वेग सरासरी एक मैलानेही उतरला नव्हता. वेल्समध्ये सगळीकडे एकदम बदल झाल्यावर उतार त्याहून मोठा दिसला, आणि पहिल्या वर्षात त्या रस्त्यांवरच्या मृत-जखमींची संख्या साधारण पाव हिश्शाने घटली. माझा अंदाज असा की एका गल्लीला वेगळी पाटी लावली की चालकाला ती त्या गल्लीची लहर वाटते. सगळीकडे तेच असलं की लहर वाटायला जागा राहत नाही. पण हा अंदाज आहे.

इथवर वाद रस्त्याचा होता. त्यानंतर तो ‘सरसकट’ या शब्दाचा झाला. कुणी कधी शोधून काढला ठाऊक नाही, पण एका आठवड्यात तो सगळ्यांच्या तोंडी होता: सरसकट बंदी, सरसकट तीस, सरसकट चालकांवर सूड. आमच्या बाजूचे लोक घसा फोडून सांगत होते की सरसकट नव्हे हो, डिफॉल्ट. मुख्य रस्ते वेगळे आहेत, अपवादाची सोय आहे. पण ‘सरसकट’ उच्चारायला एक सेकंद लागतो आणि ‘डिफॉल्ट’ समजवायला पाच मिनिटं. आम्ही तिथेच हरत होतो.

आणि हे फक्त आमच्याकडे झालं असंही नाही. वेल्समध्ये २०२२ साली विधिमंडळात ठराव मोठ्या बहुमताने गेला, अंमल सुरू होताच त्याविरुद्धच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या, आणि २०२४ मध्ये सरकारला मान्य करावं लागलं की काही रस्ते परत ३० मैलांवर न्यावे लागतील. न्यूझीलंडमध्ये एका सरकारने उतरवलेल्या मर्यादा पुढच्या सरकारने २०२४ च्या नियमाने बऱ्याच ठिकाणी परत चढवायला लावल्या. बोलोन्या शहराने ३० केलं तर इटलीचे वाहतूकमंत्री साल्विनी थेट शहराविरुद्ध उभे राहिले. स्वित्झर्लंडमध्ये तर ४ मार्च २००१ ला यावर देशभर सार्वमत घेतलं आणि जवळजवळ ८० टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. पण आज तिथल्या कितीतरी निवासी भागांत ३० आहे, एकेक करून आलेलं. हेलसिंकीत बहुतेक वस्त्यांत ३० आणि जुलै २०२४ पासून पुढचं वर्षभर शहरात एकही रस्ते-अपघाती मृत्यू नाही. त्यावर फार आरडाओरडाही झालेली माझ्या वाचनात नाही. स्पेनमध्येही गलका कमी झाला. माझ्या मते कारण हेच की मार्गिका मोजण्याचा नियम रस्त्याकडे बघून वाचता येतो. आमच्या मसुद्यात ‘स्थानिक प्रवेशाचे स्वरूप असलेले मार्ग’ असा शब्दप्रयोग होता. हा रस्त्याकडे बघून वाचून दाखवा.

मतदानाच्या आदल्या दिवशी कळलं की दोन मोठ्या पक्षांपैकी एकाने पक्षादेश काढला आहे: विरोधात. त्या पक्षाचे निदान तीन सदस्य मला खाजगीत ‘तुमचंच बरोबर आहे’ म्हणाले होते. सभेत त्यांच्यापैकी एकाने मला बघून मान डोलावली आणि मग प्रस्तावाविरुद्ध दहा मिनिटं भाषण केलं. चांगलं केलं, खरं सांगायचं तर.

ठराव पडणार अशी चिन्हं होती. तेव्हा आमच्या सदस्य बाई उठल्या आणि त्यांनी उपसूचना मांडली: ज्या रस्त्यांवरून बस जाते किंवा जे दोन मुख्य रस्त्यांना जोडतात, ते वगळावेत, तिथे ५० च राहावी. समोरच्या बाकांवर कुजबुज झाली. काहीतरी मिळवल्यासारखं त्यांनाही दाखवता येणार होतं. उपसूचनेसह ठराव हात वर करून मंजूर झाला. आमच्या बाजूला टाळ्या वाजल्या. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि मग लक्षात आलं, आमच्या रस्त्यावरून बस जाते.

बाहेर आल्यावर मी बाईंना गाठलं. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अख्खा ठराव पडण्यापेक्षा तुमचा रस्ता गेलेला बरा. मला हिशोब करावा लागतो. आणि उपसूचनेची शेवटची ओळ वाचलीत का?”

मी वाचली नव्हती. समोरच्या बाकांनीही बहुधा वाचली नव्हती. शेवटची ओळ अशी: ‘सदर अपवाद एका वर्षाकरिता राहील, तद्नंतर तो सुरू ठेवावयाचा असल्यास संबंधितांनी रीतसर अर्ज करून ताशी ५० किलोमीटरची मर्यादा सुरक्षित असल्याचे दाखवावे.’ बाईंनी रस्ते सोडले होते आणि रांग पटकावली होती. माझा राग ओसरायला तरीही आठवडा लागला.

वर्ष गेलं. आजूबाजूच्या गल्ल्यांत ३० झालं. काही जण पाळतात, काही नाही, आणि पाळणाऱ्याच्या मागे अडकलेल्यांना तेवढ्यापुरतं पाळावं लागतं. आमच्या रस्त्यावर मात्र नवी कोरी ५० ची पाटी लागली. पूर्वी पाटी नव्हती आणि लोक अंदाजाने ४५-४६ ने जायचे. आता पाटी वाचून जातात.

गेल्या महिन्यात सूचना लागली की आमच्या रस्त्याचा अपवाद पुढे चालू ठेवावा असा अर्ज आला आहे, हरकती असल्यास पंधरा दिवसांत द्याव्यात. मी अर्जाची प्रत बघायला त्याच खिडकीपाशी गेले. अर्जदार बससेवा आणि रस्त्यावरचे अकरा रहिवासी. तिसरी सही काकांची. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “अगं, बस पुढच्या रस्त्याने न्यायच्या गोष्टी चालल्यात. मग मी थांब्यापर्यंत चालू का? तुझ्या आईसारखे माझेही गुडघे आहेत.” काकांचे गुडघे खरोखरच दुखतात.

अर्ज तोच होता, दोन पानी. फक्त वरचा मथळा बदलला होता. सातवा रकाना होता तिथेच, तीन चौकोनांसह, आणि अर्जदारांनी तिन्हींत शून्य लिहिलं होतं. खिडकीतल्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं.

“ताई, शून्य आता त्यांच्या कामाचं आहे,” ते म्हणाले.

मी हरकतीचा अर्ज घेतला. त्यात आईसाठी जागा नव्हतीच, म्हणून वेगळं पान जोडलं: ओलांडायला दहा सेकंद, वळण शंभर मीटरवर, ५० ला १३९, ३० ला ८३. धडकेत मरण्याच्या धोक्याचा आकडा या वेळी पाचपटच लिहिला आणि तो कुठून घेतला तेही लिहिलं. गृहस्थांनी ते पान टाचणीऐवजी स्टेपलरने जोडलं. टाचणीने जोडलेली पानं हरवतात, म्हणाले.

सुनावणी अजून व्हायची आहे. तोवर पुन्हा मोजणी लागली आहे. सोमवारी त्याच दोन माणसांनी येऊन नळ्या खिळल्या. परवा रात्री जेवणं झाल्यावर आई फाटकापाशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. रस्ता रिकामा होता.

“आपण चालत गेलो तर मोजतं का गं ते?”

“नाही. चाकं मोजतं.”

“बघू तर,” म्हणाली, आणि माझा हात धरून रस्त्यावर उतरली. पहिल्या नळीवर तिने काठी टेकवली, मग चप्पल, मग जरा जोर दिला. नळी थोडी दबली आणि पुन्हा वर आली. पेटीतून कसलाही आवाज आला नाही. तेवढ्यात वळणावर दिवे दिसले, आणि आम्ही मागे फिरलो.